आधी काय तरी हातरा!

ज्यांच्या घरी मॅटाडोर होती त्यांना हे सांगायला नको. ज्यांच्या घरी नव्हती तेही शेजाऱ्याच्या, मामाच्या नाहीतर तालमीच्या मॅटाडोरमधून एकदा तरी लग्नाला, यात्रेला किंवा सहलीला गेलेले असणार. त्यांनाही फार सांगायला नको. मागचं दार लावायच्या आधी उठणारी हाक तेवढी आठवत असेल. ‘सरका, सरका, अजून दोघं बसतील.’ आणि दोघं बसायची. दोघं बसली म्हणून चौघं बसायची. गाडीत माणसं किती बसवायची हा प्रश्न आरटीओला पडत असेल, घरात कुणाला पडत नव्हता.

आमची मॅटाडोर कऱ्हाडची. घरचा धंदा मंडपाचा. भांडी, खुर्च्या, सतरंज्याही भाड्याने द्यायच्या. त्यामुळे गाडीला दोन जन्म होते. लग्नसराईत ती कनाती, तपेली, झारे, घडीच्या खुर्च्या वाहायची. सणावाराला आणि यात्रेला माणसं वाहायची. मध्ये काय व्हायचं, तर बोल्ट काढून मागचे दोन लांब बाक बाहेर यायचे आणि घराच्या ओट्यावर जाऊन बसायचे. खरं सांगायचं तर त्या सीटांनी गाडीपेक्षा ओट्यावरच जास्त दिवस काढले. आजोबांचं वर्तमानपत्र तिथे, आत्याची मेथी निवडणं तिथे, तापाने फणफणलेलं पोर तिथे, उधारी मागायला आलेला माणूस तिथे. थोरल्या ताईला बघायला आलेली मंडळी त्याच बाकावर बसली होती. बाकाच्या एका टोकाला स्प्रिंग टोचायची हे घरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, पाहुण्यांना ठाऊक नव्हतं. मुलाचे काका तिथे बसले. लग्न तरीही जमलं.

गाडी कुठे तयार व्हायची याचा अभिमान मात्र ती चालवणाऱ्या अण्णांना फार. बजाज टेम्पो कंपनी १९५८ची, फिरोदियांची. सुरुवात जर्मनीच्या विडाल अँड सोन कंपनीशी करार करून तीनचाकी टेम्पोने झाली, आणि मॅटाडोर आपल्या आकुर्डीच्या कारखान्यात तयार होते, हे अण्णा अशा थाटात सांगायचे की करारावर सही करायला हेच गेले होते असं वाटावं. ‘हिला वढ म्होरच्या चाकांची,’ हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यामुळे मागे खालून शाफ्ट जात नाही, तळ बुटका राहतो, आणि म्हातारी माणसंही कुणाचा हात न धरता चढतात. हे मात्र खरं होतं. आजी शेवटपर्यंत आपल्या पायाने मॅटाडोरमध्ये चढली. कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं, तेव्हा अण्णा दिवसभर गप्प होते.

पण हे सगळं गाडीचं झालं. आम्ही सगळी भावंडं यंदा एकत्र आलो ती सीटांपायी. धंदा बंद होऊन जमाना झाला. गाडी गोदामात उभी. इंजिन एका मेकॅनिकने खोकत का होईना सुरू करून दिलं. पुढे बसायचं तर कशावर? ड्रायव्हरच्या सीटला हात लावला की पिवळा भुगा सांडायचा. बाकांची रेक्झिनं उन्हाने कडक होऊन घडीघडीवर फुटलेली. इंजिनावरच्या गादीवर मांजरीने दोन वेळा संसार थाटलेला.

आणि मग पहिलाच वाद रंगाचा. सीटा मूळच्या कोणत्या रंगाच्या होत्या? थोरला दादा म्हणाला बाटलीहिरव्या. पुण्याची ताई म्हणाली छे, चॉकलेटी. तिच्या पहिल्या वहीचं कव्हर उरलेल्या तुकड्याचंच होतं. धाकट्यांचा ठाम आग्रह मरूनचा. शारजाहून एकाने फोटो पाठवला, तो कृष्णधवल. ग्रुपवर तीन दिवस घमासान झालं. शेवटी लांब बाक उलटा केला, खालच्या चुका पक्कडीने उपटल्या आणि शिवण उसवली. वर मरून निघालं. मरूनच्या खाली चॉकलेटी. चॉकलेटीच्या खाली, लाकडाच्या कडेला दुमडून ठोकलेल्या पट्टीत, ऊन कधीच न लागलेला गर्द बाटलीहिरवा. ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे ज्याचं त्याचं खरं होतं.

आमच्याकडे जुनं कव्हर काढून नवं घालायची पद्धतच नव्हती. जुन्यावर नवं चढवायचं. खालचं तेवढंच भरावाला उपयोगी. म्हणून ते बाक उघडताना आम्ही सीट दुरुस्त करत नव्हतो, घराचं वय मोजत होतो. मरून आणि चॉकलेटीच्या मध्ये एक आख्खी वाकळ निघाली, आजीच्या हातची. वाकळेत ओळखू आलेले तुकडे असे: आत्याचा शाळेचा निळा स्कर्ट, आजोबांच्या धोतराचा काठ, कुणाच्या तरी बारशाचं दुपटं, आणि एक इरकली लुगडं जे काकूने लगेच ओळखलं, कारण ते तिला नेसायला मिळावं असं तिच्या मनात होतं आणि सासूबाईंनी ते कापून वाकळेला लावलं. चाळीसएक वर्षांनी ते तिला सीटमध्ये सापडलं. ‘इथं बसवलं व्हय त्याला,’ एवढंच ती म्हणाली.

लुगड्याचा तो प्रवास तुमच्याही घरी तसाच असणार. नवं असताना लग्नकार्याला. मग सणाला. मग रोजचं. मग विरलं की दुहेरी शिवून दांड भरायचा. मग बाळाचं दुपटं, मग वाकळ, मग फडकं, मग गाडी पुसायला, मग पोतेरं. पोतेऱ्याच्याही पुढे त्याची वात करून कंदिलात जाळलेली आम्ही पाहिली आहे. वस्तू मरायचीच नाही. ती फक्त घरात खालच्या जागेवर जायची.

सीटच्या बाबतीत खालची जागा म्हणजे स्प्रिंगांच्या वरची. त्याचा सगळा क्रम आम्हाला पाठ होता, कारण तो भरायला आम्हीच बसवलेलो असायचो. लोखंडी चौकट, चौकटीत नागमोडी स्प्रिंगा, स्प्रिंगांवर तरट, तरटावर काथ्या, काथ्यावर पिंजलेला कापूस, त्यावर मांजरपाट, आणि सगळ्यांच्या वर रेक्झिन. तरट का? तर ते नसलं की स्प्रिंग काथ्या खाते आणि मग माणसाला खाते. काथ्या का? तर तो दबतो पण मरत नाही, घामाने सहजी कुजत नाही, आत हवा खेळती ठेवतो. कापूस का? तर नुसता काथ्या पातळातून टोचतो. प्रत्येक थर खालच्याची खोड झाकायला घातलेला. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

काथ्या यायचा कोकणातून. धाकट्या आत्याचं सासर गुहागरकडचं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, चिपळूणवरून तिच्याकडे. जाताना गाडीत गूळ, शेंगदाणे, ज्वारी. येताना नारळ, कोकमं, आणि एखादं पोतं काथ्याचं. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात महिनोन् महिने कुजवायची, मग बडवून तंतू सोडवायचे, असं आत्याच्या सासऱ्यांनी आम्हाला दाखवलं होतं. तो वास ज्याने घेतला त्याला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वासाची भीती वाटत नाही. पोतं घरी आलं की काथ्या विंचरायचा. ओट्यावर गोल करून बसायचं, गाठी झालेले पुंजके दोन्ही हातांनी ओढून मोकळे करायचे. हाताला खाज, नाकात धूळ, सगळी शिंकतायत. मजुरी प्रत्येकी दोन लिमलेटच्या गोळ्या, आणि ज्याच्या पुंजक्यात गाठ सापडेल त्याची एक परत.

कापसासाठी पिंजारी. त्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा आणि घराघरातून गाद्या बाहेर पडायच्या. कापूस दोन-चार वर्षांत दबून त्याचे गोळे होतात. पिंजला की तोच पुन्हा दुप्पट दिसतो. आजीचा त्याच्यावर कधीच विश्वास नव्हता. पिंजण्याआधी तराजू, पिंजल्यावर तराजू. वजन कमी भरलं तर ‘धूळ उडाली,’ असं तो म्हणायचा. ‘धूळ काय अर्धा शेर हुती व्हय?’ असं आजी म्हणायची. हे संवाद दरवर्षी तेच असायचे, आणि दोघांपैकी एकही त्यात कंटाळा करत नसे.

शिवणारे ते कुशनवाले चाचा. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. स्टँडच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक पायमशीन, एक चटई, आणि छताला टांगलेली मोटारसायकलच्या सीटांची कव्हरं. चाचांचं काम बघायला आम्ही शाळा बुडवायला तयार असायचो. हातभर सुतळीला मेण चोळायचे. वाकडं दाभण केसातून एकदा फिरवून घ्यायचे, तेलाने ते सरसर चालतं म्हणून. रेक्झिन आधी दुपारच्या उन्हात पत्र्यावर पसरून ठेवायचे. गरम झालं की ते नरम पडतं, मग ताणून घेतलं की संध्याकाळी गार होताना आपसूक कसतं. थंडीच्या दिवसांत त्यांच्याकडे कुणी घाईचं काम नेलं तर ते सरळ सांगायचे, ‘ऊन येऊ द्या.’

मशीनवरचा त्यांचा टाका मोठा असायचा. आमच्या आईचा टाका बारीक, सुबक; तिला चाचांचं काम बघून राहवलं नाही, ‘टाके जरा जवळ घ्या की,’ म्हणाली. चाचांनी एक जुनं फाटकं कव्हर तिच्या हातात दिलं. शिवणीच्या ओळीवरच ते टराटरा फाटत गेलं होतं. टाके जवळ आले की रेक्झिनला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते, आणि माणूस बसला की ते तिथूनच सुटतं. आईने ते मुकाट्याने ऐकलं. पुढे घरात कुणाचं दप्तर शिवताना तीच आम्हाला हे सुनावू लागली.

ड्रायव्हरची सीट भरताना चाचा गाडी चालवणाऱ्याला बोलावून घ्यायचे. मोठी पंचाईत व्हायची, कारण गाडी चालवायचे दोघे: दादा, म्हणजे आमचे वडील, सडपातळ आणि उंच; अण्णा आखूड आणि वजनदार. चाचा दोघांनाही उघड्या काथ्यावर आळीपाळीने बसवायचे, बाजूला उकिडवे बसून एक डोळा मिटून बघायचे, आणि मांडीखाली अजून मूठभर काथ्या कोंबायचे. एका बाजूला सरकवायचे. पुन्हा बसा म्हणायचे. शेवटी जी सीट व्हायची ती दोघांनाही बरोबर व्हायची नाही, पण दोघांपैकी कुणालाच तक्रार करता यायची नाही. दादांच्या कंबरेखाली उशी आणि अण्णांच्या पायाखाली लाकडी फळी, अशी ती तडजोड गाडी विकायचा विषय निघेपर्यंत टिकली.

ड्रायव्हरची सीट कुठे आधी फाटते, हे तुम्हाला माहीत असेल. उजव्या कडेला. उतरताना-चढताना रोज तिथूनच घसरायचं. मधला भाग शाबूत असतो आणि कडेचा गोट उलगडून आतली सुतळी बाहेर लोंबते. आमच्या गाडीला त्या कडेवर चामड्याचं एक ठिगळ होतं, अण्णांच्या जुन्या वहाणेचं. आजही आहे. ते काढायचं नाही, यावर मात्र ग्रुपवर एकमत झालं. तेवढ्या एकाच गोष्टीवर.

मागचे बाक समोरासमोर होते, लांबीत. घाट चढताना सगळी माणसं मागच्या दाराकडे सरकायची आणि उतरताना ड्रायव्हरच्या पाठीशी यायची. रेक्झिन नवं असलं की जास्तच. म्हणून नव्या रेक्झिनवर आजी कुणाला बसूच द्यायची नाही. ‘आधी काय तरी हातरा!’ ही तिची आरोळी गाडीत, ओट्यावर, घरात सगळीकडे एकच. नवी सतरंजी आणली, तर आधी काय तरी हातरा. नवी गादी, आधी काय तरी हातरा. नव्या सीटवर जुनी चादर, चादरीवर टॉवेल, आणि त्यावर आम्ही. त्यामुळे चॉकलेटी रंग आम्ही खरा किती पाहिला, याचीच शंका आहे.

मधली जागा सगळ्यात मानाची: इंजिनावरची. मॅटाडोरचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, त्यावर झाकण, झाकणावर गादी. पौषात पालच्या खंडोबाला पहाटे निघायचं तर त्या जागेसाठी मारामारी. खालून ऊब यायची. चैत्रात जोतिबाला निघालो की तीच जागा शिक्षेची. ज्याने आगाऊपणा केला त्याला इंजिनावर. कोल्हापूर येईस्तोवर त्याचा आगाऊपणा वाळून गेलेला असायचा.

पालच्या यात्रेत भंडारा उधळतात आणि जोतिबाला गुलाल. दोन्हींतून आलेली माणसं धूळ झटकून गाडीत बसत नसत. देवाचं आहे, ते कसं झटकायचं? या खेपेला बाकाच्या शिवणी उसवल्या तेव्हा दाभणाच्या टोकाने आतली धूळ काढली. खालच्या थरात हळदीची पिवळी रेघ, वर गुलालाची, पुन्हा पिवळी. उन्हात हळद केव्हाच उडून जाते; शिवणीच्या अंधारात ती राहिली होती. ताईने चिमूट घेऊन कपाळाला लावली. बाकी मुद्देमाल: सहा कोनांचं वीस पैशाचं नाणं, चौकोनी पाच पैशाची तीन, चिंचोके, केसांचे आकडे, एक अडकित्त्याचं अर्धं पातं, आणि लिमलेटचा कागद. म्हणजे गोळी कुणीतरी लपवून खाल्ली होती. कोण, ते कळलं आहे; तो आता बँकेत मॅनेजर आहे.

आता यंदाच्या कामाचं. चाचा राहिले नाहीत. दुकान त्यांचा पुतण्या चालवतो. मशीन मोटरवर गेलं आहे, वरचं कापड आणि खालचं कापड सारखंच पुढे ओढणारं. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, ‘ओरिजिनल पाहिजे का आराम पाहिजे?’ आम्ही एकमेकांकडे बघितलं. ओरिजिनल म्हणजे कोणतं? गाडी आमच्याकडे आली तीच पहिल्या मालकाने सीटा बदलून. बाक तर आमच्याच सुताराने फळ्या मारून केलेले. २०२१च्या सरकारी नियमात पन्नास वर्षं पुरी झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज धरतात. आमची अजून त्या वयाची नाही, आणि झाली तरी त्या नियमात फेरफाराचं नाव घेतलंय ते चासी, बॉडी आणि इंजिनाचं. सीटचं नाही. हा आम्हाला शहाणपणाचा नियम वाटला. सीट हा गाडीचा भाग कमी आणि बसणाऱ्याचा जास्त.

पुतण्याने फोम दाखवले. तो पिवळा भुगा झालेला थर फोमचाच होता, मधल्या एका दुरुस्तीतला. हवा, ऊन आणि दमटपणा यांनी फोम आतून सुटतो आणि पीठ होतो. त्यामानाने काथ्या! पंचवीस वर्षांपूर्वीचा काथ्या काढून हलवला, तर धुळीचा ढग उठला आणि खाली तंतू तसेच तटतटीत. त्यातला बराच आम्ही झोडून, ऊन देऊन परत वापरला. आमच्यातल्या एकीने नवीन फोमच सगळीकडे घालावा असा आग्रह धरला होता, तिच्याही मताला मान दिला. तळाला तरट, तरटावर जुना काथ्या, त्यावर फोमच्याच चिंध्या दाबून केलेला कडक फोम, त्यावर चाळीस डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला चाळीस किलोचा, आणि वर बोटभर मऊ. कडक खाली, मऊ वर. सगळाच मऊ घातला की माणूस आठवड्यात चौकटीला टेकतो. फोम चौकटीपेक्षा अर्धा इंच मोठा कापायचा, मग कव्हर घातलं की ते कसलेलं राहतं. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच चिकटवायचं. घाई केली की थर सरकतो. फोम कापायला पुतण्याकडे घासून धार केलेलं एक्सो ब्लेड आहे, चाचांचंच.

सगळ्यात आधी मात्र त्याने चौकट घासून घेतली. तारेच्या ब्रशने गंज काढला, रेड ऑक्साइड मारलं, मोडलेल्या दोन स्प्रिंगा बदलल्या, सैल झालेल्या दोन ताणून घेतल्या. लोक काय करतात, तर बसलेल्या सीटवर जाड फोम चढवतात. सीट वर येते, आणि मग स्टिअरिंग मांडीला घासतं, डोकं टपाला लागतं, पाय क्लचवर पोचत नाही. आमच्या अण्णांच्या बाबतीत तर तो पहिल्यापासूनच पोचत नव्हता. स्प्रिंगा नीट झाल्या, तर वरचा भराव निम्म्याने कमी लागला.

इंजिनावरच्या गादीचं काम वेगळं निघालं. तिच्याखाली एक करडा पत्रा होता. पूर्वी असल्या गरम जागी ॲसबेस्टॉसचा पत्रा सर्रास वापरत. खरवडायचा नाही, फोडायचा नाही, असं पुतण्याने बजावलं. पाण्याने भिजवून, नाकाला फडकी बांधून, जाड पिशवीत घालून तो बाजूला केला. तिथे आता उष्णता अडवणारा जाड नमदा आणि त्याखाली ॲल्युमिनियमचा कागद. पुढच्या पौषात ऊब येईल की नाही, ही एकाची चिंता आहे. वय साठीच्या पुढचं, पण हक्क सोडलेला नाही.

रंगाचा निकाल काकूने लावला. ती बराच वेळ तीनही थरांचे तुकडे हातात घेऊन बसली होती. सगळे टवकारून. आता काहीतरी हळवं ऐकायला मिळणार. काकू म्हणाली, ‘ज्यावर मळ दिसत न्हाई, त्यो घ्या.’ म्हणून चॉकलेटी.

जुनं कव्हर या खेपेला फेकायचंही नाही आणि आतही भरायचं नाही, असं ठरलं. चॉकलेटीचा तुकडा पुतण्याने नमुना म्हणून वापरला: उसवून सपाट केला, खडूने डावं-उजवं लिहिलं, मध्यावर खाचा पाडल्या, आणि नवं त्यावरून बेतलं. वाकळ मात्र काकूने धुऊन घरी नेली. नव्या कापडातून हात-दीड हात उरलं, त्यावर लगेच हक्क सांगितले गेले. कुणाला स्कूटरच्या सीटला, कुणाला पान्यांच्या पिशवीला, कुणाला जिन्याखालच्या मीटरला झाकण. ताईला वहीला कव्हर घालायचं आहे. आता वहीत ती काय लिहिते, देव जाणे.

ड्रायव्हरची सीट झाली. तिची उजवी कड जाड गोटाची, आणि वहाणेचं ठिगळ त्याच जागी पुन्हा बसवलेलं. दादांची उशीही मागे शिवून टाकली आहे. इंजिनावरची गादी झाली. एक बाक झाला, तो गाडीत चढला, आणि पहिल्याच संध्याकाळी काकूने त्यावर चादर टाकली.

दुसरा बाक अजून ओट्यावर आहे, मरून, फुटका, टोकाला स्प्रिंग टोचणारा. तो बापूंनी, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांनी, अडवला आहे. सकाळी पेपर घेऊन ते तिथेच बसतात, आणि बाक हलवायचा म्हटलं की म्हणतात, तेवढं हे पान होऊ द्या. गणपतीपर्यंत तोही करून टाकायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. कुठल्या गणपतीपर्यंत, ते कुणी बोललेलं नाही.